हिमनदीचा तळ आणि कोळशाचा हिशेब

ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळत आहे, हे वाक्य आता इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यातला अर्थ जवळजवळ झिजून गेला आहे. सभेत वक्ता ते म्हणतो, श्रोते माना डोलावतात आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळते. सर्वसाधारण समजूत अशी की, अंगणात ठेवलेला बर्फाचा खडा जसा उन्हाने वितळतो तसाच दक्षिण ध्रुवावरचा बर्फही वाढत्या उन्हाने वरून वितळत असावा. ग्रीनलंडच्या बाबतीत ही समजूत अंशतः खरी आहे. अंटार्क्टिकाच्या बाबतीत ती बव्हंशी चुकीची आहे. त्या खंडाच्या अंतर्भागात भर उन्हाळ्यातही तापमान शून्याच्या पुष्कळ खाली असते. तेथे वरून वितळण्याचा प्रश्न आज तरी फारसा उद्भवत नाही. तेथील बर्फाला धोका आहे तो खालून, म्हणजे त्याच्या पायथ्याशी शिरणाऱ्या समुद्राच्या पाण्याकडून. आणि हे पाणी कोठवर शिरणार, किती वेगाने शिरणार आणि कोठे अडणार, हे ठरते ते सागरतळाच्या चढउतारांवरून. ज्या ठिकाणी माणसाची दृष्टी पोचत नाही त्या ठिकाणी ह्या प्रश्नाचा निकाल लागत आहे.

यवतमाळसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यातील कार्यकर्त्याला हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. कापसाचा भाव, पीकविम्याची रक्कम, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे त्याचे रोजचे प्रश्न होत. तथापि ह्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यात, ह्या दूरच्या विषयाच्या दोन खुणा जमिनीतच पुरलेल्या आहेत. एक आहे खडकावरचा ओरखडा. दुसरी आहे कोळसा.

चंद्रपूरच्या पश्चिमेस पंधरा-सोळा किलोमीटरवर, पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन ह्या भूशास्त्रज्ञाने १८७५ साली तेथील एका चुनखडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो खडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने ओढल्यासारखे समांतर ओरखडे उमटलेले. त्याच्यावर हिरवट, बारीक मातीचा थर आणि त्या मातीत लहानमोठे, नाना जातींचे धोंडे अस्ताव्यस्त रुतलेले. वाहते पाणी असे करीत नाही. पाणी धोंड्यांची प्रतवारी लावते, जड एकीकडे आणि हलके दुसरीकडे. धोंडे आणि माती एकत्र कालवून आणणारी आणि खालच्या खडकाला कानशीप्रमाणे घासणारी शक्ती एकच, ती म्हणजे हिमनदी. अशाच धोंडेमिश्रित थरांवरून ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड ह्यांनी १८५६ साली, भारतात कधीकाळी बर्फाचे राज्य होते, असा निष्कर्ष काढला होता. त्या थरांना आज तालचीर थर म्हणतात. इरईच्या खडकाने त्या निष्कर्षाला तळाचा पुरावा दिला.

ही गोष्ट सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीची. त्या वेळी भारताची भूमी दक्षिण गोलार्धात, ध्रुवाच्या बरीच जवळ होती आणि अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका ह्यांना जोडलेली होती. त्या महाखंडाचे नावही येथलेच आहे. मेडलिकॉट ह्यांनी १८७२ साली ह्या खडकांना गोंडांच्या राज्यावरून ‘गोंडवाना’ हे नाव दिले, आणि पुढे ते साऱ्या महाखंडाला लागले. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी ह्या तालुक्यांतील ज्या समाजाला आजही जमिनीच्या पट्ट्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, त्याचे नाव जगाच्या भूगोलात एका खंडाएवढे मोठे आहे, हा विरोधाभास जाता जाता नोंदवण्यासारखा आहे.

त्या बर्फाचे पुढे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे. काही किलोमीटर जाडीच्या बर्फाच्या भाराने खालचे भूकवच दबते. बर्फ ओसरतो तेव्हा दबलेली जमीन लगेच वर येत नाही. तिला वेळ लागतो, आणि मधल्या काळात सखल राहिलेल्या खोऱ्यांत समुद्र घुसतो. आजच्या मध्य प्रदेशातील उमरिया आणि छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे, म्हणजे देशाच्या अगदी पोटात, तालचीर काळातील समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडले आहेत. बर्फ गेला आणि त्याच्या मागोमाग समुद्र आला, असा त्याचा अर्थ. त्यानंतर हवामान उबदार झाले, दलदली झाल्या, अरण्ये वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. राजूर, उकणी, निलजई, मुंगोली येथे आज जो कोळसा निघतो तो त्या बर्फाने मोकळ्या केलेल्या भूमीवर वाढलेल्या झाडांचा आहे. वर्धा खोऱ्यातील ह्या कोळशाच्या थरांखाली तालचीर थर आहेतच.

आता अंटार्क्टिकाकडे वळू. तेथील बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे. तो सारा वितळला तर जगातील समुद्राची पातळी ५८ मीटरच्या आसपास वाढेल, असे मोजले गेले आहे. हे शेकडो-हजारो वर्षांचे काम आहे आणि ते संपूर्ण घडेल असे कोणीही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. खरी चिंता आहे ती पश्चिम अंटार्क्टिकाची. कारण तेथील बर्फ ज्या भूमीवर टेकला आहे ती भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी दोन-अडीच हजार मीटर खाली. बर्फ काढून टाकला तर तेथे डोंगराळ देश दिसणार नाही. बेटे आणि समुद्र दिसेल. तेथे समुद्राची जागा बर्फाने अडवून ठेवलेली आहे, आणि ती केवळ वजनाच्या बळावर.

हे वजनाचे गणित साधे आहे. समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत बर्फाचे वजन सुमारे नऊ-दशांश. तेव्हा ९०० मीटर खोल तळावर बर्फ टेकून राहायचा असेल तर त्याची जाडी सुमारे १,००० मीटर तरी असली पाहिजे. त्याहून तो पातळ झाला की तळ सोडतो आणि तरंगू लागतो. जेथे हिमनदी तळ सोडते त्या रेषेवर सारा खेळ आहे. रेषेच्या पुढे समुद्रावर बर्फाचा एक तरंगता सज्जा असतो. तो वितळल्याने समुद्राची पातळी वाढत नाही, कारण तो आधीच पाण्यात आहे. परंतु तो मागच्या हिमनदीला थोपवून धरतो. विशेषतः त्याच्या पोटाला सागरतळावरचा एखादा उंचवटा लागला असेल तर तो दाराला लावलेल्या अडसराचे काम करतो. अडसर निघाला की मागचा बर्फ वेगाने पुढे सरकतो. २००२ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील लार्सन-बी नावाचा असा ३,२५० चौरस किलोमीटरचा सज्जा महिन्याभराच्या अवधीत फुटून गेला आणि त्याच्या मागच्या काही हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी, एकदोन ठिकाणी आठपटीपर्यंत, वाढला.

ह्या सज्जाला खालून पोखरते ते पाणी आपल्या कल्पनेतले उकळते पाणी नव्हे. अंटार्क्टिकाभोवतीच्या खोल समुद्रातील ह्या पाण्याचे तापमान शून्याच्या वर जेमतेम एक अंश असते. पण ते खारे म्हणून जड, आणि जड म्हणून तळालगत वाहणारे. वरचे गोठणबिंदूजवळचे थंड पाणी तसेच राहते आणि हे तुलनेने उबदार पाणी खालून, सागरतळावर प्राचीन हिमनद्यांनीच कोरून ठेवलेल्या खोल चरांतून, थेट हिमनदीच्या पायाशी पोचते. भरीस भर अशी की, दाब वाढला की बर्फ अधिक कमी तापमानाला वितळतो. हजार मीटर खोलीवर हा फरक सुमारे पाऊण अंशाचा होतो. त्यामुळे माणसाला हात घालवणार नाही असे थंड पाणीही तेथे बर्फाला पुरेसे जहाल ठरते. चर नसते, तर हेच पाणी खंडाच्या उथळ कडेशी अडून राहिले असते. म्हणजे धोक्याचा मार्ग सागरतळाच्या घडणीनेच आखून दिला आहे.

तळाचा उतार कोणीकडे आहे, ह्याला तर सर्वाधिक महत्त्व. समुद्राकडून खंडाच्या आत जावे तसा तळ चढत गेला, तर मागे हटणारी हिमनदी उथळ जागी जाऊन स्थिरावते. पश्चिम अंटार्क्टिकात पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे आहे. आत जावे तसा तळ अधिक खोल होतो. तेथे हिमनदी एक पाऊल मागे हटली की ती अधिक खोल पाण्यात येते, तेथे बर्फाची जाडी अधिक, म्हणून समुद्राकडे वाहून जाणारा बर्फही अधिक, आणि म्हणून पुन्हा एक पाऊल मागे. कर्जाचे व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला हे चक्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. वीर्टमन ह्यांनी १९७४ साली ह्या अस्थिरतेचे गणित मांडले. १९७८ साली ओहायो स्टेट विद्यापीठातील जॉन मर्सर ह्यांनी, कोळसा व तेल जाळण्याचे प्रमाण असेच वाढत राहिले तर पश्चिम अंटार्क्टिकावर अरिष्ट ओढवेल, असा स्पष्ट इशारा दिला. तो छापून आला त्या वर्षी महाराष्ट्रात कोळशावरची नवी औष्णिक केंद्रे उभारण्याच्या योजना जोरात होत्या. त्यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पण ‘शास्त्रज्ञांनी वेळेवर सांगितले नाही’ ही सबब मात्र उपलब्ध नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे प्रत्यक्ष पाहिले गेले त्याने हे गणित पुष्कळसे खरे ठरवले, आणि काही बाबतीत त्याला मुरडही घातली. पाइन आयलंड हिमनदीच्या सज्जाखाली २००९ साली एक स्वयंचलित पाणबुडी पाठवण्यात आली. तिला समुद्रतळावर एक मोठा उंचवटा आढळला. पूर्वी ही हिमनदी त्यावर टेकलेली होती. पुढे तळातील गाळाच्या अभ्यासावरून असे दिसले की ती १९४० च्या दशकातच, प्रशांत महासागरातील एका मोठ्या एल-निनोनंतर, त्या उंचवट्यावरून सुटू लागली होती. एल-निनो ओसरला, पण हिमनदी पुन्हा त्या उंचवट्यावर आली नाही. कारण तात्पुरते होते आणि परिणाम मात्र कायमचा ठरला. ह्या एका उदाहरणात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे.

शेजारची थ्वेट्स हिमनदी आणखी मोठी. तिचे मुख सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे साधारण यवतमाळहून वणीला जावे तेवढे. आणि तिचे क्षेत्र महाराष्ट्राच्या तीन-पंचमांशाहून थोडे अधिक. ती एकटी संपली तर जगाचा समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल, आणि ती मागे हटल्यास शेजारचा बर्फही अस्थिर होईल. २०१८ पासून अमेरिका व ब्रिटन ह्यांच्या संयुक्त मोहिमेने तिचा अभ्यास केला. २०२० च्या जानेवारीत बर्फात सुमारे सहाशे मीटर खोल भोक पाडून त्यातून एक लांबट यंत्र खाली सोडण्यात आले. त्यावरून २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षणीय आहेत. सपाट भागात बर्फाचे वितळणे अपेक्षेपेक्षा कमी होते, कारण वितळलेल्या गोड्या पाण्याचा थर खाऱ्या उबदार पाण्याला बर्फापासून थोडे दूर ठेवत होता. पण भेगांत आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर ते फार जलद होते. म्हणजे बर्फ सर्वत्र सारखा झिजत नाही. जेथे तो आधीच फाटला आहे तेथे अधिक फाटतो. त्याच हिमनदीपुढच्या सागरतळावर दीडशेहून अधिक समांतर वरंबे आढळले आहेत. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणाऱ्या बर्फाने ते उमटवलेले. त्यांच्या अंतरावरून असे दिसते की, मागील दोनशे वर्षांत केव्हातरी ही हिमनदी सहा महिन्यांहून कमी काळ वर्षाला दोन किलोमीटरहून अधिक गतीने हटली होती. पैनगंगेच्या खडकावरचे ओरखडे वाचून ज्या रीतीने तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीची दिशा कळते, त्याच रीतीने हे वरंबे वाचले जातात. ही लिपी एकच आहे.

आणखी ताजे उदाहरण द्वीपकल्पावरील हेक्टोरिया हिमनदीचे. २०२२ च्या अखेरीस ती दोन महिन्यांत सुमारे आठ किलोमीटर मागे हटली. कारण पुन्हा तळच. तिच्या खालची भूमी सपाट होती; पातळ झालेला बर्फ त्या सपाटीवरून जवळजवळ एकदम उचलला गेला आणि तुटला.

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. ग्रीनलंडमधील याकोबशान हिमनदी १९९७ नंतर उबदार पाणी फ्योर्डमध्ये शिरल्यामुळे झपाट्याने हटू लागली. परंतु २०१६ च्या सुमारास तेथे पुन्हा थंड पाणी आले, तेव्हा ती काही वर्षे मंदावली आणि जाडही झाली. पश्चिम अंटार्क्टिकात बर्फाचा भार कमी झाल्यामुळे खालचा खडक काही ठिकाणी वर्षाला ४१ मिलिमीटर इतक्या वेगाने वर येत असल्याचे २०१८ साली दिसून आले. हा वेग अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक आहे आणि वर येणारा तळ हिमनदीला पुढेमागे आधारही देऊ शकेल. उंच बर्फाचे कडे आपल्याच भाराने कोसळत जातील, ह्या २०१६ साली पुढे आलेल्या भीतिदायक कल्पनेलाही नंतरच्या अभ्यासांनी काहीशी मर्यादा घातली आहे. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने २१०० पर्यंतची संभाव्य वाढ, उत्सर्जन किती होते त्यानुसार, २८ सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत सांगितली आणि हिमस्तरांचे वर्तन नीट उमगलेले नसल्यामुळे दोन मीटरच्या आसपासची शक्यताही नाकारता येत नाही, अशी पुस्ती जोडली. हा विस्तृत पल्ला पाहून ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ असे म्हणणारे निघतातच. वस्तुतः अनिश्चितता जेवढी मोठी तेवढी सावधगिरी अधिक, हा व्यवहार आहे. ज्या शेतकऱ्याला पावसाचा भरवसा नसतो तो बियाणे एकाच दिवशी सगळे पेरीत नाही.

त्याचप्रमाणे एक उलटी चूकही टाळली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील प्रत्येक पूर आणि प्रत्येक अवर्षण अंटार्क्टिकाच्या खात्यावर मांडण्याची सवय काही वक्त्यांना लागली आहे. पैनगंगेच्या पुराचा थ्वेट्स हिमनदीशी संबंध नाही. दोहोंमागे तापत असलेले वातावरण व समुद्र हे समान कारण असू शकते, एवढेच म्हणता येईल. कार्यकर्त्याने याहून अधिक बोलू नये. विरोधकाने एक विधान खोटे पाडले की बाकीची नऊ खरी विधानेही लोक ऐकत नाहीत.

मग दुवा कोठे आहे? तो कोळशात आहे. माणसाने वाढवलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने सामावून घेतली आहे. अंटार्क्टिकाजवळ हे उबदार पाणी किती प्रमाणात वर येते ते तेथील वाऱ्यांवर अवलंबून असते आणि त्या वाऱ्यांतही नैसर्गिक चढउतार आहेत. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, अमुंडसेन समुद्र ह्या शतकात मागील शतकाच्या तिप्पट वेगाने तापेल आणि उत्सर्जन पुष्कळ घटवले तरी ह्या शतकापुरता त्यात फारसा फरक पडणार नाही. हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. काही नुकसान आता टळणारे नाही. पण पुढील शतकांत समुद्र एक मीटर चढणार की पाच मीटर, हे अजून ठरायचे आहे, आणि ते आज जाळल्या जाणाऱ्या इंधनाने ठरणार आहे.

एक टन देशी कोळसा जाळला की सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि त्यातील काही अंश हजारो वर्षे वातावरणात राहतो. खाणीच्या हिशेबवहीत मजुरी येते, डिझेल येते, स्वामित्वधन येते; हा खर्च येत नाही. तो कोणाच्याच वहीत येत नाही. खाजगी नफ्यासाठी होणाऱ्या उत्पादनाचा सामाजिक खर्च दुसऱ्यावर ढकलला जातो, हे कॅप ह्यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. येथे गंमत अशी की, सार्वजनिक मालकीच्या खाणीही त्याच रीतीने हिशेब लिहितात. मालकी बदलली तरी वही बदलली नाही, ही समाजवादी चळवळीला अडचणीची वाटावी अशी गोष्ट आहे.

त्यात अर्थशास्त्राने आणखी एक पळवाट काढून दिली आहे. भविष्यातील हानीची आजची किंमत काढताना तिला दरवर्षी काही टक्के बट्टा लावायचा, ही रीत आहे. शंभर वर्षांनी होणाऱ्या १,००० रुपयांच्या हानीला ७ टक्के बट्टा लावला तर तिची आजची किंमत १ रुपया १५ पैसे होते. स्टर्न समितीने २००६ साली वापरला तसा १.४ टक्के लावला तर सुमारे २५० रुपये. समुद्र तोच, बुडणारी घरे तीच. फक्त गणित करणाऱ्याने दर बदलला आणि दोनशे पटींहून अधिक फरक पडला. ह्या दराची निवड अर्थशास्त्रीय दिसते, पण ती नैतिक निवड आहे. पुढच्या पिढीचे मोल किती, असा तो प्रश्न आहे आणि तो मतपेटीपर्यंत कधीच येत नाही. शिवाय ही रीत कारखान्यासाठी, धरणासाठी, जेथे चूक दुरुस्त करता येते अशा कामांसाठी ठीक आहे. उंचवट्यावरून एकदा सुटलेली हिमनदी व्याजासकट रक्कम परत केली म्हणून पुन्हा जागेवर येत नाही.

भारताची जबाबदारी किती, हा प्रश्न येथे उपस्थित होईलच आणि तो झाला पाहिजे. आजवरच्या इंधनजन्य उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश आहे. भारताचा तीन-चार टक्क्यांच्या आसपास. तेव्हा वणीच्या खाणकामगाराला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करणे हा निव्वळ अन्याय होय. परंतु भारताचे कोळसा-उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले आहे, आणि समुद्र चढेल तो आधी न्यूयॉर्कच्या श्रीमंताच्या दारात नव्हे, वरळीच्या कोळीवाड्यात आणि रायगडच्या खारजमिनीत शिरणार आहे. न्यूयॉर्कला भिंत बांधण्याची ऐपत आहे. अंटार्क्टिकातील बर्फ घटला की त्याचे गुरुत्वाकर्षण कमी होऊन तिकडे ओढलेले पाणी उत्तरेकडे सरकते, म्हणून भारतासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर पातळी सरासरीपेक्षा काहीशी अधिकच वाढते, ही त्यात भर.

आणि कोकणातल्या माणसाचे दुःख विदर्भातल्या माणसापर्यंत पोचत नाही असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे टाकली गेली ती ह्या जिल्ह्याचा कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत नेण्यासाठी. बंदराशी ह्या मातीचे नाते तेव्हापासूनचे. आज कापसाबरोबर माणसेही जातात. दुष्काळी वर्षी मारेगाव-झरीतून निघालेला मजूर मुंबईत पोचतो तो खाडीकाठच्या सखल वस्तीतच. उंचावरची जागा त्याला परवडत नाही.

असे असताना राज्यकर्ते काय करीत आहेत? किनारपट्टी नियमनाच्या नव्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. समुद्रात भराव घालून उभारल्या जाणाऱ्या आणि शंभर वर्षे टिकावे अशा अपेक्षेने बांधल्या जाणाऱ्या कामाचा शंभर वर्षांनंतरच्या समुद्राशी हिशेब जुळवलेला आहे का, ह्याची विधिमंडळात साधी चर्चा होऊ नये, हे आश्चर्यकारक आहे. गोव्यात वास्को येथे ध्रुवीय व सागरी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. अंटार्क्टिकावर मैत्री व भारती ही भारताची केंद्रे काम करतात. भारताचे पहिले केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ तरंगत्या सज्जावर बांधले होते आणि ते बर्फात गाडले जाऊन १९९० मध्ये सोडावे लागले. मैत्री खडकावर आहे, म्हणून टिकले. पाया कशावर आहे हे आधी पाहावे, एवढा धडा त्या अनुभवातून किनाऱ्यावरच्या नियोजनकारांनी घ्यायला हरकत नव्हती.

अलीकडे एक निराळीच कल्पना चर्चेत आहे. अमुंडसेन समुद्राच्या तळावर ८० किलोमीटर लांबीचे पडदे उभारून उबदार पाणी हिमनदीपासून अडवावे, खर्च ४० ते ८० अब्ज डॉलर, देखभाल निराळी. तंत्रदृष्ट्या ती अशक्यप्राय आहे असे बहुसंख्य ध्रुवशास्त्रज्ञांचे मत दिसते. पण समजा शक्य झाली, तर पडद्याची मालकी कोणाची? तो फाटला तर उत्तरदायी कोण? जगाच्या किनाऱ्यांचे भवितव्य दोन-चार देशांच्या वा कंपन्यांच्या हाती सोपवणारी ही योजना आहे, आणि तिचे आकर्षण त्यांनाच अधिक, ज्यांना कोळसा व तेल जाळणे थांबवायचे नाही.

वणीच्या खाणी उद्या बंद करा, असे कोणी म्हटले तर ते बेजबाबदारपणाचे ठरेल. कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगारांची, ट्रकचालकांची आणि खाणीभोवती चहाची टपरी चालवणाऱ्यांची पोटे त्यावर आहेत. जमिनी गेलेल्यांना मोबदल्यासाठी अजून भांडावे लागते. वर्धेच्या काठाने टाकलेल्या मातीचे डोंगर पुराच्या पाण्याला अडवतात. पण ह्या खाणी एक दिवस संपणारच आहेत, आणि त्या दिवसाची तयारी करण्यासाठी पैसा नाही असे जे सांगितले जाते, ते खोटे आहे. २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा अधिभार बसवला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१०-११ ते २०१७-१८ ह्या काळात त्यातून सुमारे ८६,४०० कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातील २९,६०० कोटी गेले आणि प्रत्यक्ष खर्ची पडले ते १५,९०० कोटी. २०१७ साली हा अधिभार वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात विरघळवण्यात आला आणि नावापुरता उरलेला हेतूही गेला. प्रदूषणाचे मोल म्हणून घेतलेला पैसा सर्वसाधारण तिजोरीत गडप झाला. वणीला मिळाला नाही, वरळीलाही मिळाला नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकर रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ह्या बदलाची चर्चा व्यापारी वर्गापुरती झाली. कामगार चळवळीने तिकडे लक्ष दिले नाही. वास्तविक त्यात एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे. उपकर संपूर्णपणे केंद्राच्या हाती होता. ह्या कराचा निम्मा भाग, राज्यात निघून राज्यातच जळणाऱ्या कोळशापुरता, महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो. वीज ह्या कराच्या बाहेर असल्याने वीजकेंद्राला त्याची वजावटही मिळत नाही, म्हणजे ही रक्कम तिजोरीत खरोखर उरते. तिचा निश्चित हिस्सा कायद्याने राखून ठेवावा. अर्धा खाणपट्ट्यातील कंत्राटी कामगारांच्या पर्यायी रोजगारासाठी व जमिनी गेलेल्यांसाठी, अर्धा कोकणातील खारबंधारे व कोळीवाड्यांसाठी. जिल्हा खनिज प्रतिष्ठानातील रकमेचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा, ही मागणी त्याच्याच जोडीची. विधिमंडळाच्या येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तसे विधेयक आणण्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. वणी, मारेगाव आणि झरी-जामणीच्या ग्रामसभांचे ठराव त्याआधी मुंबईला पोचले पाहिजेत, आणि अलिबाग-पालघरच्या मच्छीमार संघटनांनी त्याच मजकुराचे ठराव करावेत ह्यासाठी पत्रव्यवहार आताच सुरू झाला पाहिजे.